चोविसावं पान

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत मॅडमनी पंचावन्न नंबरच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला आणि पडद्यावरची निळी पट्टी सरकायची वाट बघत बसल्या. एका लॅपटॉपला नऊ मिनिटं लागतात. खोलीत प्लग एकच आहे आणि आठ चाळीसच्या घंटेला लॅपटॉप वर्गात लागतात. म्हणजे दिवसाला तीन. एकूण एकशे बारा.

"कासवाला निदान पाय तरी असतात," कपाटाची किल्ली सांभाळणारे शिपाईमामा पट्टीकडे बघत म्हणाले. हे ते रोज म्हणतात. मॅडम रोज हसतात.

या छोट्या हिरव्या लॅपटॉपमधलं वाचनालय मॅडमनीच तयार केलं होतं, अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा त्या शिक्षण खात्याच्या कार्यालयात नोकरीला होत्या. लॅपटॉपमध्ये जागा जेमतेम चाळीस पुस्तकांची. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर सहाशे. जागा पुरवायची कशी, यावर कार्यालयात आठवडाभर डोकेफोड चालली होती. मॅडमना तोडगा सुचला तो लहानपणच्या वाचनालयातून. पुस्तक वाचायचं, परत करायचं, दुसरं घ्यायचं. तोच नियम त्यांनी जसाच्या तसा उचलला. मुलाने शेवटचं पान उघडून पुस्तक मिटलं की ते आपोआप मोठ्या कॉम्प्युटरवर परत जायचं आणि मुलाच्या नावापुढे एक पुस्तक वाचून झाल्याची नोंद पडायची. सगळ्यांना ही युक्ती बेहद्द आवडली. साहेबांनी भर बैठकीत पाठ थोपटली.

चाचणीसाठी मॅडमनी एक लॅपटॉप घरी नेला. मुलगी आठ वर्षांची होती. विहिरीत पडलेल्या शेळीची गोष्ट, पानं चोवीस. मुलीने तेवीस पानं वाचली आणि झाकण लावून टाकलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, मग ते जातं ना. मॅडम स्वयंपाकाच्या घाईत होत्या. जाऊ दे की, दुसरं येईल, असं म्हणून त्यांनी चाचणीच्या कागदावर लिहिलं : शेवटाकडे मूल कंटाळते.

तीन वर्षांनी या शाळेतला मोठा कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीचा अर्ज कुठल्या तरी टेबलावर आडवा झाला तो उठलाच नाही. पुस्तक मिटलं की ते लॅपटॉपवरून अजूनही पुसलं जायचं, पण गेलेलं पुस्तक परत येण्याची सोयच उरली नाही. दुसऱ्या शाळांमध्येही थोड्याफार फरकाने हेच झालं. पुढे दोन वर्षांनी कार्यालयाने आकडे मागवले. मुलं पुस्तकं उघडतात, पण पूर्ण करणारं मूल शंभरात एखादंच. मुलांना वाचनाची गोडी नाही, असा निष्कर्ष निघाला आणि वाचनालयाचा विभाग गुंडाळला गेला. त्या अहवालावर तिसरी सही मॅडमची आहे. पुराव्यादाखल त्यांनी आपला जुना चाचणीचा कागदही जोडला होता.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. या शाळेतल्या चौथीच्या बाईंनी त्यांना वर्गावर बोलावलं. मॅडमनी शेळीची गोष्ट काढली. सगळ्या वर्गाला ती तोंडपाठ होती. शेळी शेवटी वर कशी आली, हे मात्र कुणालाच सांगता येईना. तेव्हा दुसऱ्या बाकावरच्या मुलीने, मोठ्या माणसाला साधी गोष्टही समजावून सांगावी लागते अशा आवाजात, सांगितलं,

"शेवटच्या पानावर जायचं नसतं. पुस्तक जातं."

"कुणी सांगितलं?"

"ताईने. तिला तिच्या वर्गातल्यांनी."

म्हणजे मुलं वाचत होती. पुस्तक राहावं म्हणून शेवट सोडून देत होती. वर्षानुवर्षं.

त्या संध्याकाळी मॅडमनी परगावी शिकणाऱ्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं, कागदावर काय लिहिलं होतं तेही. ती म्हणाली, "कंटाळले नव्हते गं मी, आई." आणि परीक्षा जवळ आल्याचं सांगून तिने फोन ठेवला.

दुरुस्ती म्हणजे वाचनालयाच्या प्रोग्रॅममधली एक ओळ काढून टाकायची होती, म्हणजे मिटलेलं पुस्तक जागेवरच राहील. जुन्या सहकाऱ्याकडून मूळ प्रत मिळवायला मात्र चार महिने गेले. कार्यालयाने परवानगी दिली ती या एका शाळेपुरती. बाकीच्या शाळांतले लॅपटॉप केव्हाच भंगारात गेले आहेत.

आठ एकोणचाळीसला सत्तावन्न नंबरचा लॅपटॉप झाला. घंटा झाली तशी ती दुसऱ्या बाकावरची मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिचा लॅपटॉप एकोणसाठ नंबरचा, म्हणजे उद्याचा. मॅडमनी तिला आत बोलावलं. सत्तावन्नवर शेळीची गोष्ट काढली, शेवटचं पान उघडलं, पुस्तक मिटलं. पुस्तक जागेवरच होतं. शेवटचं पान दिसू नये म्हणून मुलीने डोळ्यांवर हात घेतला होता. मिटल्यावर बोटांच्या फटीतून खात्री करून घेतली.

"हे सत्तावन्नचं झालं," ती म्हणाली. "माझं सगळ्यात शेवटी करा."

शिपाईमामा म्हणाले, अगं, खुद्द बनवणाऱ्या मॅडम सांगताहेत.

"म्हणूनच," मुलगी म्हणाली.

शिपाईमामांनी जीभ चावली. मॅडमनी तिला समजावलं नाही. वही उघडून एकोणसाठच्या रकान्यात लिहिलं : पुस्तक जाईल अशी मुलीला भीती वाटते, तिच्या सांगण्यावरून शेवटी. वही तिच्यापुढे धरली. तिने वाचून मान हलवली आणि ती वर्गात पळाली.

शिपाईमामांनी उद्याचे लॅपटॉप वरच्या फळीवर काढून ठेवले आणि कपाटाला कुलूप लावलं. उद्या आठ दहाला अठ्ठावन्न, मग साठ, मग एकसष्ट.