शिराळ्याची नागपंचमी, उकडलेली मटकी आणि माझं पोट

मुलगी बघायला नागपंचमीलाच जायचं, ही अक्कल आमच्या मामाची. म्हणे, शिराळ्याची जत्राही बघून होईल. मी लगेच हो म्हणालो. स्वप्नालीशी दोन महिने फोनवर बोलत होतो. तिच्या घरच्यांनी नाही म्हटलं असतं तर मला जेवण गेलं नसतं. भीती एकच होती. कडधान्य खाल्लं की तासाभरात माझ्या पोटात ढोलताशे सुरू होतात, आणि आवाज पोटात राहत नाही.

साताऱ्यातल्या औषधवाल्याने एंझाइमची गोळी दिली आणि बजावलं, पहिल्या घासाबरोबरच घ्यायची; जेवून उठल्यावर घेतली तर उपयोग शून्य.

मोटारसायकलने कराड, पुढे पेठ नाक्याला हायवे सोडून उजवीकडे शिराळा. थांबत गेलात तर तीन तास, पेट्रोल तीनशेचं. नाक्यावर मामाने मिसळ चापली, मी चहावर भागवलं. गाडी गावाबाहेरच लावा. मिरवणुकीच्या गर्दीत पायसुद्धा आपले राहत नाहीत.

स्वप्नालीच्या घरी ताट आलं: पुरणाची दिंडं, उकडलेले हरभरे, उकडलेली मटकी. या दिवशी चिरायचं-कापायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. सगळं उकडलेलं, सगळं माझ्या जिवावर उठलेलं. समोर तिचे वडील, फौजेतून निवृत्त. मी मांडीआड गोळी काढायला लागलो तर पाकीट फाटेना. घामाघूम होऊन मी वाढायला आलेल्या तिच्या आत्याकडे, म्हणजे वडिलांच्या आक्काकडे, कात्री मागितली.

मामाने कपाळाला हात लावला. हे आमच्याकडेही पाळतात, पण घाबरल्यावर कुठलं आठवतंय.

"पाव्हणं, आज कात्री? आनि कशाला वं?" आत्यांनी विचारलं.

खोटं सुचलं नाही. "गॅसची गोळी आहे," मी म्हणालो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्वप्नाली आतून आली, माझ्या हातातलं पाकीट घेतलं आणि आत्यांना विचारलं, "दातानं चालतंय न्हवं?"

आत्यांनी क्षणभर विचार केला. "दातानं चालतंय."

तिने पाकीट फाडून गोळी माझ्या ताटाशेजारी ठेवली. मी दोनदा मटकी घेतली. परतीच्या वाटेवर पोटात किरकोळ कुरकुर झाली, तेवढंच. गोळी म्हणजे काही जादू नाही, पण मामा मागे बसून तक्रार न करता साताऱ्यापर्यंत आला.

नंतरचे चार दिवस मात्र वाईट गेले. पहिल्याच भेटीत गॅसचं नाव काढणाऱ्याला कोण मुलगी देणार, असं आई रोज म्हणायची. पाचव्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. पाऊसपाणी विचारून झालं. मग आवाज बारीक करून ते म्हणाले, "ती गोळी जेवायच्या आधी का नंतर?"

"पहिल्या घासाबरोबर," मी सांगितलं.

"बरं. मग साखरपुड्याला येताना माझ्यासाठी दोन पाकिटं आना. आक्काला कळू देऊ नका."