खाटेला बांधलेला दोर

कमळा सिस्टरला भिवंडीत लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे तिचा हात हलका. सुई टोचून झाली तरी माणूस डोळे मिटून वाट बघत बसायचा. आणि दुसरं म्हणजे ती कथा लिहायची. चोवीस तास लूम खडखडणाऱ्या गावात कथा लिहिणारी नर्स, म्हणजे कौतुकच की! मेट्रनबाई तेवढ्या नाक मुरडायच्या. "कथा कसल्या लिहितेस, चार्ट नीट लिही." अहो, चार्ट ती नीटच लिहायची. पण चार्टात 'मूल मृत' यापलीकडे काही मावतं का? त्या बाळंतिणीने जे सोसलं ते कुठे लिहायचं, हाच प्रश्न कमळाला छळायचा.

काल्हेरची मैना पहिलटकरीण म्हणून आली, ती कमरेला जुना दोर खोचून. तिचा बाप खाडीत बुडून गेला होता. होडी तेवढी सापडली, त्या होडीचा हा दोर. मैनाने तो खाटेच्या दांडीला बांधला आणि कळ आली की धरून ओढायची. फार हाल झाले तिचे. एवढं करून मुलगी जन्मली ती मेलेलीच. कमळा तिचं कपाळ पुसत होती, तेव्हा मैना पुटपुटली, "बरं झालं, बाय. सुटली ती. माझ्यावानी सासूच्या हाताखाली तरी न्हाय पडायची." आणि कमळाच्या कमरेला मिठी मारून हमसाहमशी रडली.

ते बोलणं कमळाच्या काळजात रुतलं. जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी तिने कथा लिहिली आणि ती दिवाळी अंकात छापूनही आली. कमळाने मैनाची गोदू केली होती, काल्हेरचं नाव काढून लांबचं कुठलंसं गाव घातलं होतं. आता कोण ओळखतंय! वॉर्डात माणूस म्हणजे खाटेचा नंबर आणि नाव, पाटी बदलली की माणूस बदलला. नर्सचंच डोकं ते! दोर मात्र तिने तसाच ठेवला. तो काढून टाकायला तिचं मन होईना.

काल्हेरच्या शाळेतले रामनाथ गुरुजी भाबडे. "आपल्या भिवंडीच्या सिस्टरची कथा आहे," म्हणत त्यांनी ती देवळात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. होडीचा दोर आला मात्र, सगळ्या बायकांच्या माना बायजाबाईकडे वळल्या. बायजाबाई म्हणजे मैनाची सासू. पुढे ती सासूबद्दलची ओळ आली आणि गुरुजींना कळेना, मंडळी अशी गप्प का झाली.

गुरुजींकडूनच कमळाला हे समजलं. सुट्टी टाकून ती तडक काल्हेरला गेली. बायजाबाईने तिला ओट्यावरही चढू दिलं नाही. "आमच्या घरातलं छापून झालं, आता काय ऱ्हायलंय? गावात तोंड दाखवायला जागा न्हाय ठेवली!" मैना दाराआड उभी होती. कमळा हात जोडून म्हणाली, "माझ्यावर राग काढा. पण हिची पहिली खेप जिवावरची होती, पुढच्या वेळी हिला घरी ठेवू नका." मैनाने मान वर केली नाही.

पुढच्या खेपेला मैना आली. टेम्पोतून उतरताना तिला पाहिलं आणि कमळाचा जीव भांड्यात पडला. या वेळी कमरेला दोर नव्हता. पिशवी फुटून फार वेळ गेला की आईच्या अंगात विष चढतं, म्हणून खाटेवर घेताच कमळाने आधी तेच विचारलं, "पाणी कधी गेलं गं?"

"आजच. सकाळी," मैना भिंतीकडे बघत म्हणाली.

कमळाने तसंच चार्टावर लिहिलं. मुलगी झाली, चांगली रडली. कमळाला वाटलं, फिटलं आपलं पाप! पण दुसऱ्या दिवशी मैना तापाने फणफणली. अंगातलं विष वर चढत गेलं, डॉक्टरांनी शिकस्त केली, पण ताप हटेना. तेव्हा कुठे बायजाबाई कपाळ बडवत म्हणाली, "तीन दिस जात व्हतं पानी. मीच अडवली तिला. त्या लिवणारणीकडं न्हाय जायाचं म्हनलं."

कमळा मैनाच्या खाटेवर वाकली. "अगं, आल्याआल्या का नाही सांगितलंस? तेव्हाच इंजेक्शनं सुरू केली असती. विचारलं होतं ना मी तुला!"

मैनाच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "म्हातारीचं नाव आलं आसतं, बाय. तुमी लिवलं आसतं."

त्या दुपारीच ती गेली. बायजाबाईने नात लुगड्यात गुंडाळली. दारापर्यंत गेली, थांबली. "शिस्टर, ह्ये बी लिवणार?"

कमळाने नकारार्थी मान हलवली. आणि त्यानंतर तिने एक ओळ लिहिली नाही. दिवाळी अंकाचे संपादक दवाखान्यात येऊन विनवून गेले, तिने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. लोक म्हणाले, सिस्टरला शिंगं फुटली. म्हणेनात!

पुढे किती वर्षं ती त्याच वॉर्डात होती. नवीन बाई आली की तिच्या खाटेवर बसायची, तिचा हात हातात घ्यायची. पुष्कळ बायकांना ही पूर्वी काही लिहायची हे ठाऊकसुद्धा नसायचं, त्या बावचळून बघत राहायच्या. कारण दुसरं काही विचारायच्या आधी कमळा म्हणायची, "मी आता लिहीत नाही हां, बाई. सांग, पाणी कधी गेलं?"