थांबामास्तर

दवाखान्यात त्याला सगळे थांबामास्तर म्हणत. एमआरआयच्या काचेमागे बसून, हृदयाकडे निघालेली बारीक तार पडद्यावर शोधून द्यायची, हे त्याचं काम. तार धातूची नाही, प्लॅस्टिकची. त्या यंत्राच्या चुंबकात धातूची लांब तार तापते. टोकाला फक्त कणभर लोहचूर्णाचा ठिपका, तोच काय तो काळा दिसणार. पण पडदा दाखवतो शरीराचा एक पातळ काप. तार कापाबाहेर सरकली की ठिपका गायब! मग मास्तर माइकमध्ये ओरडे, "थांबा!" ठिपका पुन्हा सापडेपर्यंत मोठ्या डॉक्टरांनी तार केसभरही पुढे सरकवायची नाही; न दिसणारं टोक हृदयाला भोक पाडू शकतं.

बायको चिडवायची, "लग्नाला हो म्हणतानासुद्धा हे आधी थांबाच म्हणाले होते!" त्यात खोटं काही नव्हतं.

डॉक्टरांना मात्र थांबणं खपेना. बाहेर रुग्णांची रांग. "मास्तर, तुम्ही फार अडवता," म्हणत त्यांनी त्याला गुडघे आणि मणके बघायला बसवलं. काचेमागे आली त्याच्याच हाताखाली शिकलेली बाई. भारी चटपटीत. ठिपका दिसेनासा झाला तरी तिचं आपलं, "दिसतोय, चला!" मास्तरने तिच्या मागे उभं राहून हे डोळ्यांनी पाहिलं होतं. "अहो, येतोच की तो पुढे," ती हसून म्हणाली. आणि खरंच, अजून कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्यामुळे मास्तरने तक्रार केली तर कोल्ह्याला द्राक्षं आंबट, एवढंच लोक म्हणाले. मेल्यांनो, एकदा बिघडल्यावर काय जोडून देणार आहात?

मग बायकोच्याच हृदयाची झडप आखडली. ती याच तारेने उघडायची होती, आणि असं यंत्र जवळपास दुसरीकडे नव्हतं. मास्तर हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, तिच्या वेळी तेवढं मला बसू द्या."

"घरच्या माणसाला आत घेत नाही. नियम आहे."

नियम बरोबरच होता. मास्तर बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे नातेवाईक त्या बाकावर बसायचे आणि तो घाईने त्यांच्यासमोरून निघून जायचा.

काम चांगलं तासाभराचं. पण हातातला चहा गार व्हायच्या आत दार उघडलं. डॉक्टर खुशीत होते. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा मास्तर, एकदासुद्धा थांबावं लागलं नाही!"

 ती कशी आहे, हे न विचारताच मास्तर चहा बाकावर ठेवून उघड्या दाराकडे धावला.