लुगड्यांच्या खोल्या

आर्किटेक्टच्या गाडीत सापडावं असं नलूमॅडमच्या गाडीत काहीच नसायचं. डिकीत जुन्या लुगड्यांचं भलंमोठं गाठोडं, सुतळीची बंडलं, चहाचा थर्मास आणि टपावर बांधलेले बांबू. मालकाला मॅडम कागदावरचा नकाशा आधी दाखवतच नसत. जागेवर जायचं, कोपऱ्यांना बांबू रोवायचे, भोवती लुगडी ताणायची आणि म्हणायचं, "ही तुमची खोली. आत जाऊन बसा. राहून बघा, मग बोला!" भलीभली माणसं मुकाट्यानं पदर बाजूला सारून आत बसत आणि थोड्याच वेळात "खिडकी इकडं नको, ऊन तोंडावर येतंय" म्हणत बाहेर येत. "बघ संतोष," मॅडम मला म्हणत, "विटेतली खिडकी हलवायची म्हणजे भांडण. लुगड्यातली हलवायला टाचणी पुरते."

मी तळेगाव ढमढेऱ्याचा. डिप्लोमा करून सणसवाडीला कंपन्यांच्या शेड उभ्या करत होतो. मॅडम तिथं कॅन्टीन आणि स्वच्छतागृहांची कामं घ्यायच्या. तिथंच त्यांनी मला हाताखाली घेतलं. बाई दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. इंजिनांच्या वर आवाज चढवून बोलायची सवय लहानपणापासूनची, ती साठीनंतरही गेली नव्हती. कुजबुजल्या तरी गेटवरच्या वॉचमनला ऐकू जायचं. आयुष्यभराची त्यांची एकच हौस होती. झाडांमध्ये मातीच्या लहान लहान खोल्या बांधायच्या, जिथं येऊन शहरातलं माणूस दोन दिवस गप्प बसेल. मोरीचा उतार काढता काढता हे स्वप्न त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की, त्या खोल्यांची कौलं मला पाठ झाली होती.

अखेर कासुर्डीच्या आप्पांनी बोलावलं. गावामागं डोंगराच्या पायथ्याला त्यांची मुरमाड जमीन होती आणि तिथं चक्क जंगल उभं होतं. कडुनिंब, करंज, बोर, मधूनच आपटा. हे सगळं आप्पांच्या बायकोनं, कमलकाकूंनी लावलेलं. उन्हाळ्यामागून उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहून जगवलेलं. आप्पांना तिथं कंपनीच्या साहेबलोकांसाठी आठ खोल्या आणि मधोमध एक मोठा हॉल हवा होता. "मोठ्ठ्या पायजेत मॅडम. स्लॅबच्या. एशी, अटॅच बातरूम. साहेब लोकं हायत, अडचणीत न्हाई बसत." त्यांनी चुन्याची फक्की मारून आखणीसुद्धा करून ठेवली होती. ती रेघ थेट कडुनिंबांच्या रांगेतून गेली होती.

काकू नवऱ्यापुढं काही बोलल्या नाहीत. आम्ही निघालो तेव्हा गाडीपाशी आल्या आणि मॅडमच्या हातात शेंगांची पिशवी देत हळूच म्हणाल्या, "खोल्या बांधा बाई. पर तेवढी लिंबं ऱ्हाऊ द्या. पोरांवानी वाढवल्यात."

मॅडमनी तिथल्या तिथं शब्द दिला, आणि त्यांच्याच आवाजात दिला. त्यामुळे तो आप्पांनाही ऐकू गेला.

"आन् मला खोल्या मोठ्याच पायजेत म्हणलं तर?" आप्पा ओट्यावरून म्हणाले.

"तर दुसरा आर्किटेक्ट बघा. झाड पडलं तर मी नाही."

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "मॅडम, एवढी वर्षं वाट बघितली ना या कामाची?" त्यावर त्यांनी नुसती एक शेंग फोडली. मला फार वाईट वाटलं.

तरी आप्पांनी विचार करायला एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी आम्ही परत जाऊन गाठोडं सोडलं. लुगडी कमी पडली तेव्हा काकूंनी ट्रंकेतून आपली काढून दिली. हिरवी, पिवळी, एक तर जरीकाठी. दुपारपर्यंत झाडांमधून रंगीत खोल्या उभ्या राहिल्या. मधोमध आप्पांच्या पसंतीचा मोठा हॉल, आणि कडेकडेनं झाडं चुकवून मॅडमच्या चार लहान खोल्या.

रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी ते पाहिलं आणि गावात बातमी पसरली की, आप्पांच्या दारी मांडव पडला. आप्पांची लेक पुण्यात कॉलेजला. अर्ध्या तासात भावकी हजर झाली. पुढं चुलतभाऊ तात्या, फेटा बांधून आणि तोंड फुगवून.

"लेकीचं लगीन काढलं आन् आम्हांला सांगावा न्हाई? भावकी मेली का तुमची?"

"आरं, लगीन न्हाई! ह्या खोल्या हायत!"

"खोल्या? लुगड्याच्या?" तात्या मागं वळून म्हणाले, "बगा, खोटं बी धड बोलता येईना."

समजूत पटेना. शेवटी आप्पांनी हात टेकले आणि काकूंना पिठलं-भाकरी टाकायला सांगितली. जेवल्याशिवाय रुसलेली भावकी उठत नसते. मॅडमनी सगळ्यांना हॉलमध्ये बसायचा आग्रह केला. "आत कशाला? हितं झ्याक वारं हाय," म्हणत माणसं कडुनिंबांखाली पसरली. हॉल रिकामाच राहिला. आप्पासुद्धा एका बुंध्याला टेकून भाकरी मोडत होते.

"आप्पा," मॅडमचा आवाज साऱ्या रानात घुमला, "तुम्ही टेकलाय ते झाड पडणाऱ्यांत आहे बरं का!"

भाकरीचा घास आप्पांच्या हातातच राहिला. त्यांनी वर बघितलं, रिकाम्या हॉलकडं बघितलं, भावकीकडं बघितलं. मग मोठ्यानं हसले. "लई बेरकी बाई हायसा तुम्ही. बांधा तुमच्या चार. पर ओटा ऐसपैस ठेवा, तात्या येतोय."

वर्षभर आम्ही राबलो. मुळं दुखावू नयेत म्हणून पाया न खणता दगडी खांबांवर खोल्या उचलल्या, मातीच्या भिंती घातल्या, कौलांचं पाणी टाकीत घेतलं. मॅडम गुडघ्याला पट्टा बांधून फिरायच्या आणि गवंड्यांना ओरडायच्या. इतकं आनंदानं ओरडणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. पुढच्याच वर्षी छोट्याशा आजारात त्या गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, पण आठवतो तो उद्घाटनाचाच दिवस.

त्या दिवशी आप्पांनी फीत कापायला पुढारी ठरवला होता. मॅडमनी परस्पर जाहीर केलं की, पहिल्या पाहुण्या कमलकाकू. काकूंना हाताला धरून ओट्यावर आणलं, खुर्चीत बसवलं. काकू केरसुणी घ्यायला उठल्या, मॅडमनी बसवलं. चुलीकडं उठल्या, परत बसवलं. चहा मॅडमनी स्वतः करून आणला.

काकूंनी कप हातात धरून वर कडुनिंबांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बाई, ह्यांना पानी घालायचं आन् माघारी पळायचं. खाली कवा बसलेच न्हाई. एवढी सावली पडती व्हय ह्यांची?"

"पडते," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटकापर्यंत गेला नाही. त्या काकूंच्या शेजारी खाली ओट्यावरच बसल्या. तिकडं फाटकाशी पुढाऱ्याची गाडी येऊन थांबली होती, आणि आप्पा हातवारे करून त्याला हॉर्न वाजवू नका म्हणत होते.