बादलीमावशीची घाई

तिला निवांत बसलेलं फारसं कोणी पाहिलेलं नव्हतं. जेवायचीसुद्धा ओट्याशी उभी राहून. बसमध्ये जागा रिकामी असली तरी ही दाराजवळच्या दांड्याला धरून उभी. "हिच्या पायाला भिंगरी आहे," असं तिची आई म्हणायची. नवरा शिंपी होता. तो म्हणे, "माझं मशीन तरी पाय मारल्यावर चालतं. हिला तेवढंही लागत नाही."

अशा बाईला समुद्र संशोधन संस्थेत नोकरी मिळाली, तीही नमुन्यांच्या कोठीत. कपाटांत ओळीने बाटल्या, बाटल्यांत औषधी पाण्यात बुडवलेले जीव आणि डोळे चुरचुरवणारा वास. चिठ्ठ्या लिहायच्या, चिकटवायच्या, धूळ पुसायची. एकोणीस वर्षं तिने ते काम केलं, आणि नीट केलं. मग एकदा एका शाळेची सहल आली. रांगेतली शेवटची, दोन वेण्यांची मुलगी मागे रेंगाळली आणि म्हणाली, "मावशी, समुद्रात सगळे मेलेलेच असतात का?"

त्याच रात्री तिने नवऱ्याला चाळणीसारखं बारीक कापड आणून दिलं आणि नरसाळ्याच्या आकाराची जाळी शिवायला सांगितली. "आजवर माणसांचे कपडे शिवले," तो म्हणाला, "पाण्याला झबलं तेवढं राहिलं होतं." पण शिवण त्याने दुहेरी घातली.

तेव्हापासून चार वर्षं, संस्थेच्या परवानगीने, दर गुरुवारी पहाटे ती होडीवाल्या काकांबरोबर खाडीच्या तोंडापर्यंत जायची, जाळी ओढायची आणि झाकणाच्या बादलीत समुद्र घेऊन शाळा गाठायची. मुलं तिला बादलीमावशी म्हणू लागली. पाण्यातले हे जीव तांदळाच्या कणीहून लहान. बादली तापली की तीन-चार तासांत माना टाकतात. म्हणून तिची सगळी घाई.

यंदा संस्थेत नवे साहेब आले. स्वभावाने वाईट नव्हते, पण त्यांना नीटनेटकेपणाची हौस. "होडी कशाला, बाई? प्रत्येक शाळेला बाटल्यांचा एक संच पाठवू. काम एकदाच." मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "बरं, या गुरुवारी मी स्वतः येऊन बघतो. मग ठरवू."

म्हणजे गुरुवारी साहेबांना बादलीत काही जिवंत दिसलं तर होडी, नाहीतर पुन्हा कोठी.

गुरुवारी ती आठलाच शाळेत पोचली. बादलीला ओलं पोतं गुंडाळलेलं, सूक्ष्मदर्शकाची पेटी काखेत. साडेआठला साहेब यायचे होते. पावणेनऊ झाले. ती फाटकापर्यंत गेली, परत आली, पोत्यावर पाणी शिंपडलं, पुन्हा फाटकाशी गेली. शाळेच्या शिपायाने स्टूल पुढे केलं. तिने त्यावर बादली ठेवली.

"तुमच्या येरझाऱ्यांनी मलाच दम लागला," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "येतील हो."

नऊला तिने बादलीत तापमापक बुडवला. अठ्ठावीस. निघताना चोवीस होतं. झाकण उचलून तिने विजेरी धरली. एरवी उजेडाकडे झेपावणारे ठिपके आज रमतगमत येत होते, आणि काही येतच नव्हते.

"बाई, मी वर्ग सुरू करते," ती मुख्याध्यापिकांना म्हणाली.

"साहेबांच्या आधी? अहो, बरं दिसेल का ते? त्यांच्यासाठीच तर आहे ना सगळं!"

ती घुटमळली. थांबावं, तर साहेब येईपर्यंत पाच-दहा तरी तग धरतील, कदाचित. पण चाळीस मुलांच्या वाट्याला काय येईल? आणि सुरू केलं तर काचपट्टीवर, दिव्याच्या उबेत, उरलेलेही संपतील. दोन्हीकडून तिचंच मरण.

"हे नाही थांबायचे," ती बादलीकडे बोट दाखवून म्हणाली आणि ती उचलून पाचवीच्या वर्गात शिरली.

खिडक्या लावल्या. काचेच्या बरणीत पाणी ओतून तिने बाजूने विजेरी धरली आणि सगळा वर्ग पुढे झुकला. नुसतं पाणी वाटलं होतं. त्यात गर्दी होती. मग एकेक जण सूक्ष्मदर्शकाशी आला. "अगं बाई, याला एकच डोळा!" "मिश्या बघ, अंगाहून लांब!" "ए, सरक ना, तुझी पाळी संपली!" ज्याचं बघून झालं त्याने वहीत चित्र काढायचं, हा तिचा नियम. पाळ्या चालू असताना ती बाकांमधून फिरत होती. एक कान मात्र फाटकाकडे होता.

साहेब आले सव्वादहाला. रस्त्यात गाडी बंद पडली होती. घाम पुसत ते सूक्ष्मदर्शकावर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हलत तर काही नाही."

मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुम्ही उशिरा आलात."

मुख्याध्यापिकांनी डोळे वटारले. साहेब ओशाळं हसले. मावशीने दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. एकाने जरा पाय हलवल्यासारखं केलं आणि तोही थांबला.

"बघा बाई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाटली अशी ऐन वेळी दगा देत नाही."

खोटं नव्हतंच ते.

निघता निघता साहेबांची नजर एका वहीवर गेली. मिश्यांचा, एका डोळ्याचा जीव. आणि त्याच्या मागे तुटक रेघांची माळ. शेजारच्या वहीतही तशीच. पुढच्याही.

"या रेघा कसल्या? पुस्तकात तर नाहीत."

"तो असा जातो ना, सर," वहीवाली मुलगी म्हणाली. साहेबांना कळेना, तसा तिने सुस्कारा टाकला, बाकाबाहेर आली, हात कानांशी मिश्यांसारखे ताणले आणि टुणकन उडी मारली. थांबली. जरा बुडाली. पुन्हा टुणकन. "मधे खाली जातो, सर, मग परत!"

"असा नाही, तिरका जातो!" दुसरा उठला. मग तिसरी. बघता बघता पाचवीचा अख्खा वर्ग टुणटुण उडत, थांबत, बुडत होता, आणि साहेब मधोमध उभे होते. सत्तावीस वर्षं त्यांनी हे जीव मोजले होते, बाटलीतून काढून, कायमचे स्वस्थ झालेले.

व्हरांड्यात आल्यावर त्यांनी एकदा वर्गाकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "महिन्याला दोन शाळा. दोनच. बाकीच्यांना बाटल्या जातील."

तिच्या यादीत एकतीस शाळा होत्या. तिने मनात भागाकार केला आणि तिचा पाय भुईवर टिकेना.

"सर, दोन शाळांची मुलं एका सभागृहात आणली, तर ती एकच शाळा धरायची ना?"

"बाई, हा काय मासळीबाजार आहे घासाघीस करायला?"

"नाही, सर. तिथे मेलेलेच विकतात."

साहेबांना हसू आवरलं नाही. "धरा एकच," ते म्हणाले. पण तोवर ती मुख्याध्यापिकांच्या दारात पोचली होती. पलीकडच्या शाळेतल्या पाचवीत मुलं किती, ते विचारत होती.