कोऱ्या बाटलीतला पुदिना

माझ्या नाकाचा मला भारी गर्व होता, उगाच कशाला लपवू! आमच्या प्रयोगशाळेत पुदिन्याच्या पानांचा अर्क यंत्रात सोडतात. आतल्या लांब नळीतून त्याचे घटक सुटे होऊन एकामागून एक बाहेर येतात. टोकाला काचेचं छोटं नरसाळं असतं. तिथं नाक लावून बसायचं, वास आला की बटण दाबायचं. पुदिन्याला पुदिना करणारा कार्वोन अठराव्या मिनिटाला येतो. वर्षानुवर्षं हे काम माझंच.

गेल्या थंडीत मला ताप आला आणि वास गेला. पार गेला. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण नवरा जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. त्याचा मफलर मी न धुता ठेवला होता, रोज नाकाशी धरायची. आता नुसती लोकर. देवापुढे बसून मी भांडले, अक्षरशः भांडले. "माणूस नेलास, आता हेही?"

पंधरवड्याने वास परत आला. आधी मफलरचा, मग यंत्रावर पुदिन्याचा. मी इंदरगंजातून पेढे आणून सगळ्यांना वाटले.

मग एका दुपारी शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "दीदी, तीन नंबर पर आपने बटन क्यों दबाया? वो तो ब्लैंक थी."

ब्लँक म्हणजे कोरी बाटली. नुसतं द्रावक, पान नाही. आधीच्या नमुन्याचं नळीत काही उरलं नाही ना, हे कळायला दोन नमुन्यांच्या मध्ये ती ठेवायचीच. ट्रे मीच लावला होता आणि मीच विसरले होते. कागदावरची रेघ एकदम सपाट.

"यंत्र बिघडलं असेल," मी फणकारले. पण अंगावर काटा आला होता. चटणी वाटताना येतो तसा, अगदी तस्साच वास मला आला होता.

त्या गेल्यावर मी पुन्हा कोरी बाटली लावली. घड्याळाकडे बघत बसले. सोळा, सतरा. अठराव्या मिनिटाला पुदिना आला.

मग घड्याळावर रुमाल टाकला आणि खराखुरा पुदिना सोडला. बसले, बसले, बसूनच राहिले. यंत्राने कार्वोनचा हा एवढा डोंगर काढला, मला काही नाही. पानं चुरडून नाकात कोंबली. ओली, खरखरीत, बस्स. मग इतके दिवस मला वास देत होतं तरी कोण? भर दुपारी त्या खोलीत एकटीला बसवेना.

घरी जाताना नई सडकेवरून कोरा मफलर घेतला. लेकीला सगळं सांगितलं. म्हटलं, "माझे डोळे बांध. त्यांचा आणि हा, कुठलाही आधी माझ्या नाकाशी धर. मी ओळखते."

"आई, छोडो ना. कशाला गं?"

"बांध म्हणते ना!"

तिने ओढणी बांधली. मी मान पुढे केली. "हं, धर आता."

आला. खोबरेल, तंबाखू, त्याच्या मानेचा घाम. मला हुंदकाच फुटला. "हाच गं, हाच! बघ, येतोय मला!"

खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून लेकीचा आवाज आला, कपाटापासून.

"आई, मैंने तो अभी कुछ निकाला ही नहीं."