खाली डावीकडे, बारीक अक्षरात

नोंदताईचं खरं नाव ऑफिसात कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. पाणीपुरवठा खात्याच्या पत्रव्यवहार विभागात तिने एकतीस वर्षं लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली आणि प्रत्येक उत्तराची सुरुवात एकच: 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' नळाला पाणी नाही, नोंद घेतली. पाण्यात अळ्या आहेत, नोंद घेतली. पुढे दोन परिच्छेद साखरेत घोळलेले, आणि अगदी शेवटी, सहीच्या जरा वर, वाचणारा दमून गेलेला असतो तिथे, 'तूर्तास शक्य होणार नाही'. 'नाही'ला एकटं पाठवायचं नाही, सोबत चार सोज्वळ शब्द द्यायचे, हे तिचं ब्रीद. लोक 'नाही' घेऊन जायचे आणि वर आभार मानायचे.

ही सवय संध्याकाळी टेबलाच्या खणात ठेवून येता आली असती तर बरं होतं. पण भाजीवाल्यापासून लग्नाचं विचारणाऱ्या दोघा सज्जनांपर्यंत तिने सगळ्यांना 'बघू, नंतर कळवते' असंच सांगितलं. भाजीवाला रोज नव्याने विचारत राहिला. सज्जनांनी तेवढा दम धरला नाही.

तिच्याहून आठ वर्षांनी मोठी अक्का म्हणजे दुसरं टोक. एक घाव दोन तुकडे. यजमान गेल्यावर ती दुसऱ्या गावी एकटीच राहात होती, आणि गेल्या दोन वर्षांत तिचे कान पार गेले. कानात यंत्र घातलं तर नुसती खरखर, म्हणून तिने ते डब्यात बंद करून टाकलं आणि ओठ वाचायला शिकली. फोनचा उपयोग संपला. तेव्हा नोंदताईने निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी अक्काशी व्हिडिओवर समोरासमोर बोलायला एक नवा कोरा कॉम्प्युटर घेतला, आणि त्याच दिवशी आयुष्यातली पहिली लिपस्टिक. ओठ ठळक दिसावेत म्हणून. बाई एकसष्टाव्या वर्षी दर रविवारी अकराच्या आधी ओठ रंगवून, दार लावून बसते, एवढंच समोरच्या बिऱ्हाडाला समजलं होतं, आणि त्यांना तेवढं पुरलं.

जेवणाच्या टेबलावर दोन जाडजूड शब्दकोश, त्यांच्यावर कॉम्प्युटर, म्हणजे हनुवटी बरोबर चौकटीत येई. पण पहिल्याच रविवारी चित्र अडखळू लागलं. अक्काचा ओठ अर्धा उघडायचा आणि तसाच राहायचा. नोंदताई म्हणाली, माऊस हलत नाहीये. आता प, ब आणि म, तिन्ही ओठ मिटून निघणारी अक्षरं, बघणाऱ्याला सारखीच.

"पाऊस हलत नाही?" अक्का म्हणाली. "पाऊस कुणासाठी हलतो? छत्री घे आणि जा."

दोष माऊसचा नव्हता, पावसाचाही नव्हता. 'घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं' अशातली गत होती. नोंदताईने मागवला होता एक कॉम्प्युटर, त्याच्या पोटात अख्खी वरात बसून आली होती. जगभरचं हवामान सांगणारा एक, हिरे फोडायचा खेळ एक, न मागता फोटोंचे अल्बम लावणारा एक, विषाणूंपासून घर राखणारा, तीस दिवस फुकट असा एक रखवालदार. आणखी दोघं नेमकं काय करत ते त्यांनाही सांगता आलं नसतं. या सगळ्यांची काळजी वाहणारा एक 'सहायक' वेगळाच. कॉम्प्युटर उघडला की सातही जण एकदम जागे होत.

तिने दुकानदाराला फोन केला. त्याने उंटावरून शेळ्या हाकल्या. कंपनीने फुकट दिलंय, असू द्या की, म्हणाला, फार त्रास झाला तर 'नंतर आठवण करा' दाबा. हा सल्ला नोंदताईच्या स्वभावाला इतका मानवला की तिने तीन आठवडे दुसरं काही दाबलंच नाही.

चौथ्या रविवारी अक्का पडद्यावर आली ती हातात कागद घेऊन. आज पावसाची चौकशी नाही, काही नाही.

"एकदाच विचारते," ती म्हणाली. "इथल्या ज्येष्ठांच्या निवासात खोली मिळतेय. पुढच्या सोमवारी सही करायचीय. त्याआधी सांग, तुझ्याकडे राहायला येऊ का?"

आणि तेवढ्यात रखवालदार उगवला. 'तुमचे संरक्षण तीन दिवसांत संपत आहे!' लालभडक चौकट, अक्काच्या नाकापासून हनुवटीपर्यंत. नोंदताई बटण शोधू लागली. शोधताना पुटपुटायची तिला ऑफिसपासूनची खोड.

"नको गं बाई, आत्ता नको. नंतर. नंतर."

चौकट गेली तेव्हा अक्काचा चेहरा बंद दारासारखा झाला होता. तिच्या पडद्यावर कुठलीच चौकट नव्हती. तिला दिसले होते ते ठळक रंगवलेले दोन ओठ, आणि त्यांनी जे म्हटलं ते.

"कळलं," अक्का म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

नोंदताईने लगेच दोन पानी खुलासा लिहून पाठवला. उत्तर आलं एका ओळीचं: 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' तासाभराने आणखी एक आलं. तुझ्या लिहिण्यावर माझा काडीचा भरवसा नाही, एकतीस वर्षं तू हेच करत आलीस. सांगायचं ते रविवारी तोंडाने सांग, मला ओठ दिसू देत.

उठून जावं तर बसचे सात तास, आणि नोंदताईच्या कमरेने मागेच 'तूर्तास शक्य होणार नाही' असं कळवलेलं. दुकानदार म्हणाला, आणून ठेवा, पुढच्या आठवड्यात बघू. हे वाक्य ती कोळून प्यायलेली होती. पुढचा आठवडा म्हणजे काय असतं ते तिला कुणी सांगायला नको होतं. तिने फोन ठेवला, चष्मा पुसला आणि त्या चौकटींकडे पहिल्यांदाच वाचायच्या इराद्याने बघितलं.

दुसऱ्या चौकटीपाशी ती ताठ बसली. ही भाषा ओळखीची होती. वर ऐसपैस निळं बटण: 'होय, मला सुरक्षित राहायचे आहे'. मधे 'शिफारस करण्यात येते', 'आपल्या सोयीसाठी', 'विनम्र विनंती'. आणि पार खाली डावीकडे, करड्या रंगात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात: 'तरीही काढा'. म्हणजे बरोबर सहीच्या जरा वर. कुठल्यातरी ऑफिसात चहा निवेपर्यंत बसून कुणीतरी हे मन लावून लिहिलं होतं. नोंदताईला आधी कौतुक वाटलं. मग तिचे कान तापले. एकतीस वर्षं किती माणसं अशीच कागदाला नाक लावून बसली असतील, हे तिने मोजायला घेतलं नाही.

मग मात्र ती हातघाईवर आली. ठळक दिसेल ते सोडायचं, लपवलेलं शोधायचं. हवामान गेलं. हिरे गेले. प्रत्येक जण जाताना विचारी, तुम्हाला खात्री आहे का? मग, नक्की? अल्बमवाल्याने तर डोळ्यांत पाणी आणलेलं कुत्र्याचं पिल्लू पुढे केलं आणि आमचं काय चुकलं ते कळवा म्हणून रकाना दिला. आलेल्या पत्राला उत्तर न देणं नोंदताईच्या रक्तात नव्हतं. 'आपल्या सेवेबद्दल पूर्ण आदर राखून' असं तिने लिहिलं, थांबली, खोडलं, आणि लिहिलं: 'बहिणीचं तोंड दिसत नाही.' पुढच्या सगळ्यांना हेच.

रखवालदाराने धमकी दिली की आपण गेलो तर घर उघडं पडेल. ती घाबरली आणि तिने दुकानदाराला पुन्हा गाठलं.

"कॉम्प्युटरला स्वतःचा रखवालदार असतो की नाही? हो की नाही, तेवढंच सांगा."

"तसं बघायला गेलं तर ताई..."

"तसं बघू नका. हो की नाही?"

"असतो," तो म्हणाला.

तिने आभार मानले आणि रखवालदाराला निरोप दिला.

शेवटी उरला सहायक. तो म्हणाला, तुमच्याकडचे सहा उपयुक्त प्रोग्रॅम नाहीसे झाले आहेत, परत आणू? खाली दोन बटणं: 'हो' आणि 'नंतर आठवण करा'. 'नाही' कुठेच नव्हतं. वर नाही, खाली नाही, डावीकडे बारीक अक्षरातही नाही. नोंदताईने चष्मा पुसून पुन्हा शोधलं. इतकं तर तिनेही कधी केलं नव्हतं. दोन दिवस लागले, पण सगळ्या प्रोग्रॅमची यादी कुठे असते ते तिने हुडकलं आणि सहायकाला शेंडीला धरून तिथून बाहेर काढलं. त्यानंतर कॉम्प्युटर असा झटकन उघडू लागला की तिच्या खात्याने तेवढ्या वेगाने कधी पाणी सोडलं नव्हतं.

रविवारी तिने लिपस्टिक दोनदा फिरवली. अकराला अक्का आली. चित्र स्वच्छ, नाकाखालचा तीळसुद्धा जागेवर. टेबलावर तो कागद, हातात पेन.

"बोल," अक्का म्हणाली.

नोंदताईने तोंड उघडलं आणि जुनं इंजिन आपोआप सुरू झालं. म्हणजे बघ अक्का, सगळ्या बाजूंनी विचार करता, जागा तशी लहान आहे, तरीपण... अक्काने पेनाचं टोपण काढलं.

"ये," नोंदताई म्हणाली.

आता 'ये' म्हणताना ओठ मिटत नाहीत की गोल होत नाहीत. नुसते जरासे ताणतात.

"हे?" अक्का म्हणाली. "हे काय? हे म्हणजे काय?"

"ये."

"ने? कुठे ने?"

नोंदताईच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा सरळ उत्तर द्यायला जावं तर ते ओठांवर दिसतच नाही. ती उठली. शब्दकोशाखालून एक कोरा कागद ओढला, त्यावर काहीतरी लिहिणार होती, मग अक्काने लिहिण्याबद्दल काय म्हटलं होतं ते आठवून तो बाजूला टाकला. तिने खुर्ची मागे सरकवली, पडद्यात अख्खी दिसेल अशी उभी राहिली, आणि दोन्ही हात पुढे करून लहान मुलाला बोलावतात तसं बोलावलं.

अक्काने पेन बाजूला ठेवलं. मग तिने तो कागद उलटा केला.

"तीस दिवस राहून बघते," ती म्हणाली. "नाही पटलं तर परत जाऊ ना?"

नोंदताईने मान हलवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, सोबत एकही सोज्वळ शब्द न देता.

अक्का कागदाच्या पाठीवर बरोबर आणायच्या सामानाची यादी करू लागली. उशी, चष्मे दोन, यंत्राचा डबा नको. मधेच तिने मान वर केली.

"आणि तुझा तो पाऊस? हलतो का आता?"

"पळतो," नोंदताई म्हणाली, आणि हे मात्र अक्काला पहिल्या झटक्यात वाचता आलं.